तेविसावा तुकडा

"मॅडम, ‘ज्वारीचा प्रवास’ या प्रकल्पाचे सतरा दिवस उरले आहेत," फळ्यावरच्या घड्याळाशेजारी बसवलेला डबा म्हणाला, आणि आठवी ‘ब’च्या वर्गाने एकदम खाली बघितलं.

वर्गाने खाली बघण्याचं कारण असं, की तो आवाज मॅडमच्या नवऱ्याचा होता, आणि मॅडमचा नवरा चौदा महिन्यांपूर्वी वारला होता.

मंजुषा बारबोलेने कॅटलॉग उघडलं आणि हजेरी घ्यायला लागली. एक, हजर. दोन, हजर. असं करत बावीस, हजर, आणि लगेच चोवीस, हजर. मध्ये तेवीस नव्हता. तेवीस म्हणजे समर्थ जगझाप. वडिलांची लातूरला बदली झाली म्हणून तो जुलैत दाखला काढून गेला होता. गेलेल्या मुलाचा क्रमांक वर्ष संपेपर्यंत दुसऱ्याला द्यायचा नाही, नावावर तांबडी रेघ मारायची आणि पुढे जायचं, ही बार्शीतल्या या शाळेचीच नव्हे, तर मंजुषाला माहीत असलेल्या सगळ्या शाळांची पद्धत होती. रेघ तिनेच मारली होती, पट्टी लावून. महिन्याभरात वर्गाला त्याची इतकी सवय झाली होती, की पीटीच्या तासाला कवायत मोजतानाही ही पोरं बावीसनंतर चोवीस म्हणत आणि सगळा वर्ग एक पाऊल पुढे जाई.

डब्याचं नाव होतं ‘पारखी’. दोन हजार एक्केचाळीस साली राज्यातल्या प्रत्येक वर्गात घड्याळ नसलं तरी पारखी होता. काम सोपं होतं. वर्गात वाजलेला प्रत्येक आवाज आणि दिसलेलं प्रत्येक चित्र कुणाच्या मालकीचं आहे हे तो दोन सेकंदांत ओळखायचा. अभ्यासासाठी दुसऱ्याची वस्तू वापरायला कायद्याने सवलत होती, पण मोजून. शिक्षकाने वर्गासाठी बनवलेला प्रकल्प दोन वर्षं चालवायचा, तोही फक्त वर्गात आणि फक्त धड्यासाठी. विद्यार्थ्याने स्वतःच्या प्रकल्पात घेतलेला तुकडा तीस सेकंदांचा, पण तो शाळा सोडेपर्यंत त्याचा. मुदत संपली की पारखी ती वस्तू पुसून टाकायचा आणि ‘सहकार्याबद्दल धन्यवाद’ म्हणायचा. गेल्या वर्षी स्नेहसंमेलनात एका मुलीने गाण्याच्या एकतिसाव्या सेकंदाला गिरकी घेतली आणि ती गिरकी तिला शांततेत पूर्ण करावी लागली. लोकांनी टाळ्या मात्र चांगल्या वाजवल्या. टाळ्यांवर अजून कुणी हक्क सांगितला नव्हता.

*

धनंजय बारबोले बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होता. काचेच्या खोलीत बसून गाड्या पुकारायचा. त्याने पुकारलेली गाडी चुकली तर लोक स्वतःला दोष द्यायचे, इतका तो आवाज स्वच्छ होता. नऊ वर्षांपूर्वी ‘कंठवेध टेक्नॉलॉजीज’ नावाच्या कंपनीची दोन माणसं आली, त्याला पुण्याला घेऊन गेली, बिनखिडकीच्या खोलीत बसवून चाळीस तास वाचायला लावलं आणि शाल-श्रीफळ देऊन परत पाठवलं. वाचायचं काय होतं, तर काहीही. ‘उंटाने ऊस खाल्ला.’ ‘झबल्याला फीत लावा.’ अर्थ नसलेली, पण मराठीतले सगळे ध्वनी एकमेकांच्या मागेपुढे येतील अशी वाक्यं.

त्यामागचं शास्त्र धनंजयने घरी आल्यावर माठ आणि तांब्या घेऊन समजावलं होतं. दोन्हींवर त्याच बोटाने टकटक केली तरी आवाज वेगळा येतो, कारण आतली पोकळी वेगळी. माणसाचंही तसंच. घशातले स्वरतंतू नुसती गुरगुर करतात आणि ती गुरगुर सगळ्यांची जवळपास सारखीच असते. तिथून ओठांपर्यंत वीतभर लांबीचा एक वाकडातिकडा बोगदा आहे. जीभ, टाळू, दात, नाकामागची पोकळी. हा बोगदा त्या गुरगुरीतली काही कंपनं उचलून धरतो, काही दाबून टाकतो. तेच तुझं ‘अ’, तेच माझं ‘अ’. जगात दोन माणसांचा बोगदा सारखा नसतो. कंपनीने चाळीस तासांत त्याच्या बोगद्याचा नकाशा काढला. आता त्यात कुठलीही गुरगुर सोडली, की बाहेर धनंजय पडतो.

"मग तुम्ही घरी बसलात तरी चालेल की," मंजुषा म्हणाली होती.

"घरी बसून काय करू, तुझ्या वह्या तपासू?" धनंजय म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेला.

हळूहळू तो सगळीकडे वाजू लागला. पाणीपट्टी भरायची राहिली की फोनवर तो आठवण करून द्यायचा. लिफ्टमध्ये तो, दवाखान्याच्या रांगेत तो. शेवटी सरकारने पारखीसाठी आवाज मागवला तेव्हा सगळ्यांत विश्वासू वाटणारा म्हणून तोच निवडला गेला. गेल्या वर्षी जूनमध्ये, बसस्थानकाच्या कँटीनमध्ये चहा पिता पिता धनंजय छातीला हात लावून खाली बसला, तो उठलाच नाही. लोक त्याच्याभोवती गोळा होत असताना वर त्याचाच आवाज लातूर गाडी फलाट क्रमांक तीनवर लागल्याचं सांगत होता. दोन-तीन जण त्या गाडीसाठी निघूनही गेले.

करारात एक कलम होतं. देणाऱ्याच्या मृत्यूनंतर त्याच्या आवाजाच्या बाकी सगळ्या प्रती कंपनीकडे जमा होतील, म्हणजे बाजारात गोंधळ नको. तेराव्याला पंगत बसलेली असताना मंजुषाच्या फोनमधून त्याचे सहाशे बारा आवाजी निरोप पुसले गेले. ‘येताना कोथिंबीर आणू का’पासून ‘दार उघड’पर्यंत सगळे. लग्नाच्या व्हिडिओत त्याचे नुसते ओठ हलू लागले. बाकी सगळ्यांचं ऐकू येत होतं. त्याच्या आत्याचं तर जरा जास्तच. संध्याकाळी कंपनीचा शोकसंदेश आला. तो धनंजयच्या आवाजात होता.

राहिला फक्त ‘ज्वारीचा प्रवास’. तो शिक्षकाचा वर्गप्रकल्प होता, म्हणून कायद्याच्या सवलतीत सुटला. बरोब्बर दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये तेव्हाच्या आठवीने भूगोलासाठी तो बनवला होता. पेरणीपासून भुसार बाजारापर्यंत, चित्रं, नकाशे, बाजारातला कल्ला आणि निवेदन धनंजयचं. तो सुट्टी काढून वर्गात आला होता. अकराव्या मिनिटाला चौथ्या सेकंदाला तो वाक्य विसरला. तो हसला आणि म्हणाला, "थांबा रे पोरांनो. मंजू, पाणी दे गं." सगळा वर्ग हसत सुटला, कारण मॅडमला मंजू असं नाव आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. मग पाणी प्यायल्याचा आवाज, मग स्टीलचा पेला टेबलावर ठेवल्याचा, आणि निवेदन पुढे चालू. तेवढं कापून टाकायचं म्हणून मंजुषाने वहीत लिहून ठेवलं होतं. चाचणी परीक्षा आली, राहून गेलं.

जगात धनंजय इतक्या ठिकाणी बोलत होता, की बार्शीत त्याचं न ऐकता दूधही आणता येत नव्हतं. पण मंजू म्हणणारा तेवढा एकच राहिला होता, आणि तो फक्त वर्गात, फक्त धड्यासाठी वाजवता येत होता.

म्हणून मंजुषा ज्वारी शिकवत होती.

*

ज्वारीला आठवीच्या पुस्तकात पान होतं एक. मंजुषाने ते चौदा महिने पुरवलं. अक्षांश-रेखांश शिकवताना ज्वारी आली. ज्वालामुखीच्या धड्यात काळी माती आली आणि तिच्यामागून ज्वारी आली. दर वेळी पारखी विचारायचा, "मॅडम, धड्याशी संबंध स्पष्ट करा." ती करायची. तो म्हणायचा, "संबंध मान्य." लग्नाच्या एकोणीस वर्षांत धनंजयने तिचं इतकं कधी मान्य केलं नव्हतं.

"मॅडम, आज काय?" क्रमांक एकतीस, ओवेस मुजावर, शेवटच्या बाकावरून विचारायचा.

"समुद्रप्रवाह."

"त्यात ज्वारी कुठं येते, मॅडम?"

"बंदरावर," मंजुषा म्हणायची. "निर्यात."

मग पडदा खाली यायचा, बाजार गजबजायचा, आणि अकराव्या मिनिटाला ती फळा पुसायला वळायची. फळा कोरा असला तरी. वर्गाला सगळं तोंडपाठ होतं. ‘पाणी दे गं’ला पहिल्यांदा पोरं हसली होती. आता कुणी हसत नसे. उलट त्या वेळेला पेन्सिल खाली पडू नये म्हणून काळजी घेत.

सतरा दिवसांचे बारा झाले तेव्हा ती, हे रेकॉर्डिंग प्रत नसून मूळ आहे, ते पुसू नये, असा अर्ज घेऊन सोलापूरला गेली. ‘शैक्षणिक सवलत कक्ष’ दुसऱ्या मजल्यावर होता. तिथल्या अधिकारी अक्कलकोटे मॅडम साठीला टेकलेल्या, मायाळू होत्या. त्यांनी खुर्ची दिली, शेंगाची चटणी-भाकरी पुढे केली आणि मग कागद वाचला.

"मूळ कोणतं म्हणता तुम्ही?"

"माझे मिस्टर."

"त्यांची नोंद कधीची?"

"जन्माची?"

"आवाजाची ओ. हे बघा. कंपनीचा नमुना नोंदलाय बत्तीस साली. तुमचं रेकॉर्डिंग एकोणचाळीसचं. आधीचं ते मूळ, नंतरची ती प्रत."

"पण बोलत होते ते स्वतः."

"असतील. पण नमुन्याबरहुकूम बोलत होते. इथे जुळणी दिलीय, शेकडा नव्याण्णव पूर्णांक आठ." त्यांनी चष्मा काढला. "फार लोकांना स्वतःसारखं इतकं नाही जमत, मॅडम."

"आणि उरलेलं शून्य पूर्णांक दोन?"

अक्कलकोटे मॅडमनी पुन्हा चष्मा लावला. "सर्दी असेल."

"मग ती तरी माझी धरा."

"सर्दीचा अर्ज वेगळा असतो. तिसरा मजला. पण ते पद दोन वर्षं रिकामं आहे."

मंजुषाने भाकरीकडे बघितलं. भाकरी ज्वारीची होती. "चारच शब्द आहेत," ती म्हणाली. "‘मंजू, पाणी दे गं.’ हे त्यांनी पुण्यात वाचलं नव्हतं. तिथे उंट होता, झबलं होतं. मी नव्हते."

"म आहे ना? ज ला ऊकार आहे?" अक्कलकोटे मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "त्या चाळीस तासांत सगळे ध्वनी आहेत, म्हणजे त्यातून होणारी सगळी वाक्यं आहेत. तुमचे मिस्टर जे बोलले ते, जे बोलले असते ते, आणि बोलायचं राहून गेलं ते. सगळं करारात आलं. कायदाच तसा आहे, मी काय करू? तुम्ही भाकरी घ्या."

परतीच्या गाडीत थांबे पुकारायला धनंजय होताच. मोहोळ आलं तेव्हा त्याने मोहोळ आलं असं सांगितलं. वैराग आलं तेव्हा वैराग. बार्शीत उतरताना सामान विसरू नका म्हणाला.

*

"बारबोले मॅडम, ज्वारी पुरे," मुख्याध्यापक तोडकरी सर म्हणाले.

तोडकरी सर बावीस वर्षं मुख्याध्यापक होते आणि शाळेवर आलेला प्रत्येक नियम त्यांनी पाळत पाळत मोडला होता. वर्गखोलीला खिडक्या किती असाव्यात याचं परिपत्रक आलं तेव्हा त्यांनी भिंतीवर खिडक्या रंगवून घेतल्या होत्या. तपासणीला आलेल्या साहेबांनी त्यातली एक उघडायचा प्रयत्न केला आणि ‘जाम आहे’ असा शेरा मारला.

"पालक विचारतायत, मुलांना पृथ्वी गोल आहे हे माहीत नाही, पण ज्वारीला किती पाणी लागतं ते माहीत आहे."

"पाच दिवस राहिलेत, सर. मग बंदच होणार आहे."

तोडकरी सरांना पाच दिवस कसले ते माहीत होतं. सगळ्या शाळेला माहीत होतं. त्यांनी आवाज खाली आणला, कारण त्यांच्या खोलीतही पारखी होता. त्यावर त्यांनी पूर्वीच शिवजयंतीचा फेटा घालून ठेवला होता.

"तुमचा प्रकल्प शिक्षकाचा. म्हणून दोन वर्षं. बरोबर? पण मुलाचा तुकडा तीस सेकंदांचा, आणि तो मूल शाळा सोडेपर्यंत राहतो. आठवीचं मूल दहावी करून जाणार. म्हणजे अडीच वर्षं आणखी. तुमची ज्वारी किती लांबीची आहे?"

"साडेवीस मिनिटं."

सरांनी टेबलावरच्या कॅलेंडरवर गुणाकार केला. "तीस सेकंदांचा एक, असे एक्केचाळीस तुकडे. तुमच्या ‘ब’मध्ये शेवटचा हजेरी क्रमांक किती?"

मंजुषा म्हणाली, "एक्केचाळीस."

वीस वर्षांच्या नोकरीत मंजुषाला काही इतकं जमून आलेलं आठवत नव्हतं. वेतनश्रेणीसुद्धा.

"हजेरी क्रमांकाप्रमाणे वाटून टाका," तोडकरी सर म्हणाले. "एकेकाला एकेक. वर्षातून एकदा पोरं ओळीने उभी करा, एक संपला की दुसऱ्याने लावायचा. नियमात आहे. कुणी विचारलं तर म्हणा, समूहगान."

"सर, तुमचे उपकार..."

"उपकार राहू द्या. उद्यापासून पृथ्वी घ्या. निदान गोल आहे एवढं तरी सांगा."

घरी जाताना मंजुषाने चौदा महिन्यांत पहिल्यांदा पाव किलो जिलबी घेतली. दुकानातल्या यंत्राने धनंजयच्या आवाजात ‘पुन्हा या’ म्हटलं. तिने ‘येईन’ म्हणून उत्तर दिलं आणि मागच्या गिऱ्हाइकाने जरा अंतर ठेवलं.

*

वाटप शेवटच्या दिवशी तिसऱ्या तासाला ठेवलं होतं. आपापला प्रकल्प-अर्ज भरून आणायला मुलांना चार दिवस लागले; मंजुषाने न मोजता सह्या केल्या. एक्केचाळीस जणांचं वाटप आहे असं मंजुषाने वर्गाला सांगितलं. कुणाला काही वावगं वाटलं नाही. खडू आणायची पाळी, विषयांची वाटणी, सहलीतल्या गाड्या, सगळं क्रमांकानेच होत आलं होतं. पोरांनी डोक्याला तेल लावलं होतं. ओवेसनेही शर्ट खोचला होता.

"पारखी," मंजुषा म्हणाली, "‘ज्वारीचा प्रवास’चे तीस सेकंदांचे तुकडे कर आणि हजेरी क्रमांकाप्रमाणे वाट."

"मूळ प्रकल्प कापला जाईल. वाटप सुरू झाल्यावर थांबवता येणार नाही. प्रत्येक विद्यार्थ्याने आपला क्रमांक ऐकून ‘हजर’ म्हणावे. एका क्रमांकाला तीन हाका दिल्या जातील. सुरू करू का, मॅडम?"

"कर."

"एक."

"हजर."

"क्रमांक एकचा तुकडा आपला झाला. दोन."

"हजर."

बाहेर मैदानात सातवीचा खो-खो चालला होता. मंजुषा टेबलाला टेकून उभी होती आणि मनातल्या मनात तुकडे मोजत होती. पाच, पेरणी झाली. अकरा, कोळपणी. सोळा, पाखरं राखायला गोफणी. एकवीस, हुरडा. हजर, हजर, हजर.

"बावीस."

"हजर," स्नेहांकिता म्हणाली.

आणि तिच्या शब्दाला चिकटून, महिन्याभराच्या सवयीने, शार्दूल खटके ओरडला, "हजर."

पारखी थांबला. "आपण चोवीस आहात. तेवीस."

मंजुषाच्या डोळ्यांसमोर कॅटलॉगचं पान आलं. तांबडी रेघ सरळ होती. कुठेही हललेली नव्हती. वर्गात एक्केचाळीस क्रमांक होते आणि मुलं चाळीस होती. वीस वर्षं ती पालकांना हेच सांगत आली होती, की क्रमांक म्हणजे मूल नव्हे.

अकराव्या मिनिटापासून साडेअकराव्या मिनिटापर्यंत. बावीस तुकडे आधी, अठरा नंतर.

"थांब," ती म्हणाली. "पारखी, थांब. हा तुकडा मला दे. दुसऱ्या कुणालाही दे."

"वाटप थांबवता येत नाही, मॅडम. तेवीस, दुसरी हाक."

मग शेवटच्या बाकावरून, नाक दाबून काढलेला, जाडाभरडा आवाज आला. "हजर."

शाळा सुरू झाल्यापासून मुलं गैरहजर मित्रासाठी असं ‘हजर’ म्हणत आली आहेत. मंजुषाने स्वतः अशी शेकडो पोरं पकडून बाहेर उभी केली होती. आता तिने मान वर केली नाही.

"हा आवाज क्रमांक एकतीस, ओवेस मुजावर यांचा आहे," पारखी म्हणाला. "नाक दाबल्याने बोगद्याचा आकार फारसा बदलत नाही. तेवीस, शेवटची हाक."

चाळीस मुलं मॅडमकडे बघत होती. मंजुषा पारखीसमोर गेली. घड्याळाखाली उभी राहिली, हात मागे बांधून, विद्यार्थी उभे राहतात तशी.

"हजर," ती म्हणाली.

पारखीला दोन सेकंद पुरतात. या वेळी त्याने दोनच घेतले.

"हा आवाज मंजुषा धनंजय बारबोले यांचा आहे," धनंजय म्हणाला. "क्रमांक तेवीस या शाळेत नाही. तुकडा रद्द करण्यात आला आहे. सहकार्याबद्दल धन्यवाद. चोवीस."

शार्दूलला दुसरी हाक द्यावी लागली. मग पंचवीस, सव्वीस, करत करत एक्केचाळीसपर्यंत सगळं रीतसर झालं, कारण सुरू झालेलं थांबवता येत नव्हतं. मंजुषा शेवटपर्यंत घड्याळाखाली उभी होती. तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी जागचं उठलं नाही.

त्या आठवड्यात तिने मुलांना एकदा ओळीने उभं केलं. बाविसावा तुकडा ‘आणि मग कणसात’ इथे संपला. लगेच शार्दूलने आपला लावला. त्याची सुरुवात पेला टेबलावर ठेवल्याच्या आवाजाने होत होती. टक्. मग धनंजय म्हणाला, "हां, तर दाणा." तहान लागली कधी, पाणी मागितलं कुणाला, काही नाही. नुसता पेला. तोडकरी सर दारात उभे होते. त्यांनी चष्मा पुसला आणि दहावीच्या एका मुलाला उगाचच रागावून पुढे गेले.

*

नंतर मंजुषाने पृथ्वी घेतली. गोल आहे, स्वतःभोवती फिरते, सूर्याभोवती फिरते. एका तासात संपली.

"मॅडम, एक करायचं होतं," ओवेस उभा राहिला. पोरांचं आधी काहीतरी ठरलेलं होतं, कारण सगळ्यांच्या वह्या उघड्या होत्या. "श्रुतलेखन."

"भूगोलात?"

"नियमात आहे, मॅडम. श्रुतलेखनाला पारखी काहीही वाचतो. शुद्ध असलं की झालं." त्याने खिशातून चिठोरं काढलं आणि डब्याकडे तोंड करून वाचलं. "पारखी, श्रुतलेखन. मंजू, पाणी दे गं."

"ओवेस, बस खाली," मंजुषा म्हणाली. पण ते फार हळू होतं.

"श्रुतलेखन सुरू," पारखी म्हणाला. "मंजू. स्वल्पविराम. पाणी दे गं. पूर्णविराम."

ते लातूर गाडीइतकं स्वच्छ होतं. त्यात हसू नव्हतं, घसा कोरडा पडलेला नव्हता, समोर कुणी बसलेलं नव्हतं. प्रत्येक अक्षर आपापल्या फलाटावर लागलेलं होतं.

"पुन्हा एकदा वाचतो," पारखी म्हणाला, कारण श्रुतलेखन दोनदा वाचायची पद्धत आहे. "मंजू. स्वल्पविराम. पाणी दे गं. पूर्णविराम."

चाळीस पेनं चालली. मंजुषाचा हात टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीकडे गेला होता. तिने तो तिथेच राहू दिला. पोरं मॅडमच्या चेहऱ्याकडे बघत होती. आपण चांगलं केलं की वाईट, हे त्यांना त्यावरून कळणार होतं.

"वह्या जमा करा," मंजुषा म्हणाली.

तिने चाळीस वह्या घरी नेल्या. चाळीस वह्यांत चाळीस अक्षरांत तेच एक वाक्य होतं. तिने प्रत्येकावर बरोबरची खूण केली आणि सही केली. दुसऱ्या दिवशी वह्या परत दिल्या आणि कॅटलॉग उघडलं.

"एकवीस."

"हजर."

"बावीस."

"हजर."

शार्दूलने तोंड उघडलं होतं. पण मॅडमनी मान वर केली नव्हती. त्यांचं बोट तांबड्या रेघेवर थांबलं होतं.

"तेवीस," मंजुषा म्हणाली.

ओवेसने नाकाकडे नेलेला हात खाली घेतला. मंजुषा थांबून राहिली. तीन हाका द्यायच्या असतात, पण तिने एकच दिली. मग हजेरीची नोंद अपुरी राहू नये म्हणून घड्याळाशेजारून धनंजय म्हणाला,

"गैरहजर."